वळणावर बाप उभा करायचा नाही

हेल्मेट डोक्यात चढवलं की माणूस बहिरा होतो, हे आधी सांगतो. बाहेर पब्लिक ओरडत असतं, लाउडस्पीकरवर कोणीतरी तुमचं आडनाव चुकवत असतं, त्यातलं काही आत येत नाही. आत फक्त इंजिन आणि स्वतःचा श्वास.

त्यात आमची शर्यत डांबरावरची नव्हे, मातीतली. ऊस तुटून गेला, त्याच मुळांवर फुटलेला खोडवाही मोडला की रिकाम्या रानात ट्रॅक्टरनं वाट पाडायची, मधे उंचवटे करायचे, टँकरनं पाणी मारायचं आणि यात्रेच्या दिवशी त्यावर मोटारसायकली सोडायच्या. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत अशी किती रानं मी तुडवली, ते आता आठवत नाही. पहिल्या फेरीला माती दबलेली असते. मग धुरळा उठतो, आणि जो मागं असतो त्याला चालू गिरणीत शिरल्यासारखं होतं. समोर पांढरं, बाजूला पांढरं. सरळ पट्टी कुठं संपते आणि वळण कुठं लागतं, काही कळत नाही.

म्हणून आमच्याकडं प्रत्येक गाडीवाल्याचा एक माणूस वळणावर उभा असतो. उसाच्या वाळल्या पाचटाच्या भाऱ्यांमागं उभं राहायचं आणि हातातला रंगीत टॉवेल उंच धरायचा. टॉवेल वर आहे तोवर गाडीवाल्यानं मुठीतली रेस पिळून ठेवायची. टॉवेल पडला की रेस सोडायची आणि गाडी वळणात घालायची. काम एवढंच. पण हात लवकर पडला तर मागचे आतल्या अंगानं काढून जातात, आणि उशिरा पडला तर गाडीवाला भारे फोडून शेजाऱ्याच्या उसात. त्यामुळं त्या माणसावर जितका भरवसा टाकावा लागतो, तितका देवावरसुद्धा टाकत नाही कोणी.

माझा माणूस मिरजेचा रसूल. स्टेशनच्या अंगाला त्याचं रंगकामाचं दुकान होतं, टाक्या आणि मडगार्ड रंगवायचा. मी गाडी चालवायला लागलो तेव्हापासून शेवटपर्यंत वळणावर तोच. लाल टॉवेल, तोंडात सुपारी, चेहरा मख्ख. मी जिंकून आलो, विचारलं, "कशी मारली रं आज?" तर म्हणायचा, "मला काय विचारतोस? मी टॉवेल बघत हुतो." माझी बायको हसून म्हणायची, हे माझ्या तोंडाकडं कमी आणि त्या टॉवेलाकडं जास्त बघत्यात.

पहिल्याच मोसमात माझा चुलता हौसेनं आला होता, मी उभा राहतो म्हणून. रसूलनं त्याला सरळ चहाच्या गाड्याकडं पिटाळलं. मला म्हणाला, "नात्यातला माणूस नको. आन् बाप तर वळणावर उभाच करायचा न्हाई. बापाचा हात लवकर पडतो." हा आमच्या धंद्यातला कायदा. कुठं लिहिलेला नाही, पण खरा. पलूसकडचा एक लय भारी गाडीवाला होता, त्याचा थोरला भाऊ वळणावर उभा राहायचा. काळजीनं हात पाडायचा आणि हा प्रत्येक शर्यतीत मागं. दुसरा एक सांगलीचा, हळदीच्या पेढीवरचा हौशी मालक. त्यानं मेहुण्याला, बहिणीच्या नवऱ्याला, उभा केला. त्या मेहुण्याचा हात पडेचना. मालक गाडीसकट उसात गेले, आणि बाहेर निघाले तेव्हा पहिलं वाक्य बोलले, "मी बहिणीला पत्र लिहिणार हाय." म्हणजे मेहुण्याची तक्रार त्याच्याच बायकोकडं, तीही पत्रानं.

रसूल आजारानं गेला, त्या मोसमात मी गाडी सोडली. लोकांना मी सांगतो की गुडघा गेला म्हणून सोडली. गुडघाही गेलाच होता.

पुढं इस्लामपुरात गॅरेज चालवलं. आता तेही बंद आहे. बायको गेली, मुलगा पुण्यात आहे, बरा आहे, बोलावतो. पण तिथं लिफ्टमधून वर गेलं की मला माझा पायच कुठं टेकल्यासारखा वाटत नाही. म्हणून मी इथंच. सकाळी स्वतःपुरता चहा करतो. गाडीचा आवाज आला रस्त्यावरून, की कुठली गाडी, काय दुखणं आहे, ते बसल्या जागी सांगतो. सांगतो म्हणजे, भिंतीला.

यंदा या अंकाच्या संपादकांनी विषय दिला, निवृत्त झालेल्या मोटारसायकल शर्यतवाल्यांनी नव्या पोरांना पाठिंबा द्यावा का. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण पाठिंबा हा शब्द मला निवडणुकीतून माहीत आहे. तो देतात आणि काढूनही घेतात. आमच्यातले निवृत्त देतात तोही तसलाच. कऱ्हाडचा सर्जेराव घ्या. माझ्याबरोबरचा, एका काळी माझ्या चाकाला चाक लावून चाललेला. आता कडक इस्त्रीचे कपडे घालून यात्रा कमिटीच्या मांडवात बसतो, शाल घेतो, नारळ घेतो, आणि माईकवर म्हणतो, तरुणांच्या पाठीशी आम्ही खंबीर उभे आहोत. उभा कुठाय? खुर्चीत बसलाय.

मलाही दोनदा बोलावलं होतं मांडवात. मी गेलो नाही. मला मांडव नको होता. मला कोणीतरी येऊन म्हणावं, वळणावर उभे राहता का. पण ते कोणी म्हणालं नाही, आणि मी आपण होऊन विचारणारा माणूस नव्हे. पोरांकडं मोबाईल आहेत, सराव त्यात बघतात. म्हणून मी माझं मत करून टाकलं होतं की देऊ नये पाठिंबा. ज्यानं त्यानं आपलं पडावं, आपलं उठावं.

मग गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी दारात एक पोरगी आणि तिच्या मागं फेटेवाला बाप उभा राहिला.

"नाना तुमीच का?" पोरगीनं विचारलं. "मी कोमल. आटपाडीकडनं आलोय. हे माझं आण्णा."

बापाचं नाव बिरू. आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता थोडी डाळिंबं. मी म्हटलं, बसा, चहा करतो, दूध नाही, काळा चालत असला तर. पोरगी बसली नाही.

"वळणावर उभं राह्यला माणूस पायजे, नाना."

"बाप हाय की तुझा."

बिरू पायातल्या वहाणांकडं बघायला लागला. पोरगी म्हणाली, "आण्णा उभं राहत्यात. पण गाडी जवळ आली की डोळं मिटत्यात."

"मी न्हाई मिटत," बिरू म्हणाला. "आपोआप मिटत्यात."

मला हसू आलं, पण मी दाबलं. मग तिनं सगळं सांगितलं. गाडी तिची नाही, विट्याच्या एका मिस्त्रीनं मोसमापुरती दिलेली. मोसम संपला की परत. इथल्या यात्रेच्या शर्यतीला पुण्याच्या एका टीमचा माणूस बघायला येणार होता, या भागातून एकच गाडीवाला घेणार होते. घेतलं तर गाडी त्यांची, शिकवणं त्यांचं. नाही घेतलं तर हिचं गाडी चालवणं संपलं. आधीच्या शर्यतीत धुरळ्यात वळण न दिसल्यामुळं ती भाऱ्यांत गेली होती. कोपराचं खरचटलेलं अजून ओलं होतं.

मी म्हटलं, "मी काय आता कुणाचा माणूस न्हाई."

"म्हणून तर आलो," ती म्हणाली. "तुमी आमचं कोण लागत न्हाई."

कायद्याप्रमाणं बरोबर बोलली. मला ते ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. पण दाराच्या मागच्या खुंटीवर रसूलचा टॉवेल होता, तो काढून मी झटकला. बिरूला वाटलं मी तोंड पुसणार आहे.

यात्रेच्या रानातच सराव सुरू झाला. सकाळी ऊन व्हायच्या आत मी ट्रॅकवर अनवाणी चालून यायचो. तळव्याला कळतं कुठं माती वरनं वाळलीय आणि आत ओली आहे. मग भाऱ्यांमागं उभा राहायचो. पोरगी येते कशी, तर वाकून, कोपर बाहेर, नजर सरळ. मेंढरांच्या वाटांवर बापाची गाडी चालवून शिकलेली, त्यामुळं मुरमावर घसरली तरी घाबरायची नाही.

पण दुसऱ्या दिवशी ती गाडी थांबवून म्हणाली, "नाना, हात लवकर पडतोय."

"बरोबर पडतोय."

"न्हाई ओ. अजून लांब असताना पडतोय."

आता यातलं तुम्हाला सांगतो. आमच्या वेळच्या गाड्या टू-स्ट्रोक. रेस सोडली तरी ती गाडी मोकळी पळत राहते, दावं सुटलेल्या जनावरासारखी. म्हणून आधी सोडावी लागायची. आताच्या फोर-स्ट्रोक. रेस सोडली की इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. म्हणून उशिरा सोडली तरी चालते. हे मला माहीत नव्हतं का? गॅरेजात मी हेच उघडून बसलो होतो इतकी वर्षं. पण डोक्याला माहीत असलेलं हाताला माहीत असतंच असं नाही. माझा हात रसूलचा हात बघून तयार झालेला. त्या जागेला आवाज आला की तो पडायचाच.

सर्जेराव एकदा सरावाला आला, कमिटीचं पाणी मारून झालं का बघायला. भाऱ्याला टेकून उभा राहिला, दोन फेऱ्या बघितल्या आणि खो खो हसायला लागला.

"नान्या, बाप झालास की रं!"

"काय बोलतोस?"

"हात बघ तुझा. बापाचा हात हाय ह्यो."

"टू-स्ट्रोकची सवय हाय," मी म्हटलं.

"व्हय व्हय, टू-स्ट्रोकचीच," असं म्हणून तो हसत गेला. माझं डोकं सणकलं. सर्जेरावाला चारचौघांत असं बोलायची खोड जुनी आहे. मी आजही सांगतो, ती सवयच होती.

तरी मी घरी सराव केला. अंगणात टॉवेल घेऊन उभा राहायचो, रस्त्यावरून मोटारसायकल आली की हात वर, आणि मनाला सांगायचो, थांब, थांब, अजून थांब. हात पडायचा. शेजारच्या वैनी दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "नाना, कुणाला थांबवताय का? कुठं जायाचं असंल तर आमचा पोरगा सोडंल."

मी म्हटलं, कुठं जायचं नाही.

शेवटी यात्रेच्या आदल्या सकाळी मी कोमलला म्हटलं, "पोरी, दुसरा माणूस बघ. माझा हात बसंना झालाय." आयुष्यात असलं वाक्य मी पहिल्यांदा बोललो, आणि ते बोलायला मला चहाचा अख्खा कप लागला.

ती साखळीला तेल सोडत होती. वर न बघता म्हणाली, "न्हाई. तुमीच ऱ्हावा. आन् आता काय बदलू नका. हाय तसं करा."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखतेय.

यात्रेच्या दिवशी रान माणसांनी भरलं. एकीकडं पाळणे, भज्यांचा वास, देवळाकडं हलगी. मांडवात सर्जेराव, आणि त्याच्या शेजारी टोपीवाला, पुण्याहून आलेला तो माणूस. बिरू कुठं दिसेना. मी भाऱ्यांमागं उभा राहिलो. बाजूला बाकीच्या गाडीवाल्यांची माणसं, सगळी तरणी, हातात हिरवे-निळे टॉवेल. एकानं विचारलं, "आजोबा, बसायला खुर्ची आणू का?" मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गाड्या सुटल्या. कोमल घोळक्याच्या मागच्या टोकाला अडकली. पहिल्या फेरीला माती दबलेली होती, सगळं दिसत होतं. दुसऱ्या फेरीला धुरळा उठला. मी कान लावला. तिचं इंजिन मी आवाजात ओळखत होतो. आवाज जवळ आला, त्या जागेला आला आणि माझा हात पडला. पण आवाज तुटला नाही. तसाच पुढं आला, मग तुटला आणि गाडी वळणात शिरली.

मला वाटलं, टॉवेल दिसला नसेल. पुढच्या फेरीला मी भाऱ्यावर पाय ठेवून आणखी उंच धरला. पुन्हा तेच. माझा हात पडला, आणि तिनं रेस सोडली नाही. म्हणजे ती माझ्याकडं बघतच नव्हती.

तेव्हा मला जे वाटलं ते लिहितो. एवढी माणसं, एवढा गोंगाट, आणि मी तिथं हरभऱ्याच्या रानातल्या बुजगावण्यासारखा, हातात फडकं घेऊन उभा. पाखरंसुद्धा भीत नाहीत असलं. रसूल असता तर सुपारी थुंकून म्हणाला असता, चल घरी. टॉवेल खांद्यावर टाकून निघून जावं, कोणाला कळणारही नाही, असं मनात आलं. पण वळणावरचा माणूस शर्यत चालू असताना जागा सोडत नाही. गाडीवाला बघो न बघो. मी हट्टानं उभा राहिलो. हट्टानंच म्हणा. बदलू नका म्हणाली होती ना, मग घे. त्याच जागेला, तसाच हात पाडत राहिलो.

ती एकेकाला मागं टाकत होती. हिरव्या टॉवेलवाला शेजारी शिव्या द्यायला लागला, म्हणजे त्याच्या गाडीवाल्यालाही तिनं काढलं असावं. शेवटच्या फेरीला धुरळा इतका झाला की मला शेजारचा माणूस दिसेना. डोळ्यांत माती, नाकात माती. नुसत्या कानावर मी हात पाडला. एक श्वासभर इंजिन तसंच ओरडत राहिलं, मग तुटलं. दोन गाड्या एकदम वळणात घुसल्या, त्यातली आतल्या अंगाची तिची. पलीकडं काय झालं ते मला दिसलं नाही. लाउडस्पीकरवर नाव आलं, तेही चुकीचं, पण गाव आटपाडीकडचं होतं. दुसरा नंबर.

बिरू देवळाच्या भिंतीआडून धावत आला. शर्यत सुरू झाल्यापासून तो भिंतीकडं तोंड करून उभा होता. "कितवी आली ओ नाना?"

"दुसरी."

"पडली न्हाई न्हवं?"

"दुसरी आली म्हणतोय नव्हं मी?"

"तसं न्हाई. पडली न्हाई न्हवं?"

आधी मांडवापाशी टोपीवाला तिच्याशी बराच वेळ बोलला. मग ती आमच्याकडं आली. तोंडावर मातीचा थर, फक्त डोळ्यांभोवती स्वच्छ. मी टॉवेल घडी करत होतो.

म्हटलं, "दिसत नव्हता का टॉवेल?"

"टॉवेलच दिसत हुता की. दुसरं काय दिसत हुतं?"

"मग रेस का सोडत नव्हतीस? मी काय गंमत करत हुतो हितं?"

ती हेल्मेट खाली ठेवून हसली. "नाना, तुमी लवकर पाडताय. पण रोज एका जागीच लवकर पाडताय. सरावातच मी बसवलं. टॉवेल पडला की एक श्वास घ्यायचा आन् मग सोडायची. म्हणून तर म्हटलं, बदलू नका. तुमी आज सुधारला असता, तर मी थेट उसात."

सर्जेराव मांडवातून उतरून आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, मला म्हणाला, "काय नान्या, दिलास म्हणं पाठिंबा?" मी म्हटलं, "तुझी शाल घसरली बघ."

मागच्या टोकापासून दुसरी आली, ते बघून पुण्याच्या टीमनं तिलाच घेतलं. जाताना ती आणि बिरू पेढे घेऊन आले. ती खुंटीकडं बघून म्हणाली, "टॉवेल नेऊ का, नाना?"

मी म्हटलं, "न्हाई. रसूलचा हाय." वाईट वाटलं तिला. मलाही वाटलं, पण दिला नाही.

आता संपादकांना उत्तर देतो. द्यावा पाठिंबा. पण आपण बरोबर आहोत असं पोरांना पटवायला जाऊ नये, आणि त्यांच्याप्रमाणं बदलायलाही जाऊ नये. आपली जागा धरून उभं राहावं. म्हाताऱ्यानं चुकायचं तर रोज एकाच ठिकाणी चुकावं, म्हणजे त्यांना त्याच्या पुढचं मोजता येतं. आणि हे खुर्चीत बसून होत नाही.

ज्या रानात शर्यत झाली तिथं आता कमरेएवढा ऊस आहे. परवा सहज गेलो होतो. वळण कुठं होतं ते मला सांगता आलं नाही. घरी आलो, चहा केला. संध्याकाळी कोमलचा फोन आला. तिकडं दक्षिणेत डांबराच्या ट्रॅकवर सराव चाललाय म्हणाली.

"वळणावर कोण असतंय?" मी विचारलं.

"कोण नसतंय, नाना. हितं धुरळाच न्हाई. सगळं लख्ख दिसतंय."

"बरं हाय मग."

मी फोन ठेवायला निघालो.

ती म्हणाली, "लख्ख दिसतंय म्हणून लय भ्या वाटतंय. मग मी तुमाला उभं करते."

"कुठं?"

"हाय त्याच जागेला. टॉवेल घेऊन."

मी खुंटीकडं बघितलं. "मग? पडतो का हात?"

"पडतो की."

"लवकर?"

"लवकरच."

मी म्हटलं, "पडू दे."